मनोऱ्याला चुना देणारी आत्या

आमची आत्या म्हणायची, "अख्ख्या बंदराला राजरोस चुना लावणारी मी एकटीच." खोटं नव्हतं. शत्रूची जहाजं हेरायला बांधलेल्या टेहळणीच्या मनोऱ्यावर पुढे कधीतरी दिवा बसवला आणि त्याचं दीपगृह झालं. तेव्हापासून त्याला दरवर्षी चुन्याचा हात द्यायचं काम आमच्या घरात होतं. आजोबांनंतर ते आत्याने घेतलं. साठी उलटली तरी ती दोराला टांगलेल्या फळीवर बसून भिंत रंगवायची आणि खाली दोर धरणाऱ्यांना वरूनच झापायची.

मग जुन्या वास्तू जपणारे साहेब आले. त्यांनी चुन्याचे सगळे थर खरवडून आतला काळा दगड मोकळा केला. "हा खरा इतिहास!" ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याने नाक मुरडलं. "दिवा रात्री दिसतो. दिवसा बोटवाल्यांना काय दिसणार? मागचा डोंगरही काळाच आहे." तिचं कुणी मनावर घेतलं नाही. ती तडक घरी निघून आली.

दहाव्या दिवशी भर दुपारी एक मालवाहू बोट बंदर ओलांडून पुढे गेली आणि तासाभराने परत आली. कप्तान धक्क्यावर उतरला तो ओरडतच, "तुमचा पांढरा मनोरा गेला कुठे?"

संध्याकाळी साहेब आमच्या दारात उभे. "बाई, चुना भिजायला किती दिवस लागतात?"

"दहा," आत्या म्हणाली आणि तिने पिंपावरचं झाकण उचललं. "आज दहावा."