कुठल्या भाषा येतात?

आता हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहाचा ठसका लागेल. कारण ही फजिती अशी आहे की ती आठवली की आजही मी एकटा असलो तरी इकडंतिकडं बघतो!

गणितात बी.एस्सी. करून मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकुनी करत होतो. शर्टाला तंबाखूचा वास, अंथरुणाला तंबाखूचा वास, दिवसभर शिंका. तशात पेपरात जाहिरात आली. बेळगावात एक कॉम्प्युटर कंपनी मुलाखती घेणार. पाहिजेत शिकाऊ प्रोग्रॅमर. गणिताचे पदवीधर. लँग्वेज येणाऱ्यांना प्राधान्य.

कॉम्प्युटर त्या वेळी आमच्यात कुणी डोळ्यांनी बघितला नव्हता. पण भाषा? निपाणीच्या माणसाला भाषेचं काय सांगता! आमचे वडील, आप्पा, जाहिरात वाचून म्हणाले, "लँग्वेज येणाऱ्यांना प्राधान्य! मग तुझं काम झालंच की रं!"

आईनं तर गल्लीभर सांगूनही टाकलं.

मुलाखत बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या एका बंगल्यात होती. व्हरांड्यात बाकावर पोरं दाटीवाटीनं बसलेली. माझ्या शेजारी बोरगावचा बाळगोंडा. पुण्याला कसलासा क्लास करून आलेला.

मी विचारलं, "भाषा किती येतात रं तुला?"

"दोन. त्यातली एक अजून कच्ची हाय."

मला त्याची कीव आली. "मला चार येतात."

"चार?" त्याचे डोळे मोठे झाले. "मग तुला कोण सोडतंय!"

आत दोन साहेब. एक मद्रासकडचे, जाड चष्म्याचे. सगळं इंग्रजीत चाललेलं, पण मी आपल्या भाषेत सांगतो.

"कुठल्या लँग्वेज येतात?"

"मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश." जरा थांबून म्हटलं, "अँड लिटल उर्दू, सर."

दोघं हसले. मला वाटलं, खूश झाले.

"तसं नव्हे. प्रोग्रॅमसाठी कुठली?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं प्रोग्रॅम म्हणजे काय? गणपतीतला! म्हटलं, कंपनीत हौशी माणूस पाहिजे असणार. "प्रोग्रॅमला मराठीच, सर."

"स्वतः प्रोग्रॅम लिहिलेत?"

"येस सर! तीन लिहिलेत."

चष्मेवाले खुर्ची पुढं ओढून बसले. "चालले?"

"दोन फर्स्टक्लास चालले. तिसरा मधेच बंद पडला."

"का?"

"लाईट गेली, सर."

त्यांनी समजुतीनं मान हलवली. "बग्ज होते?"

"लई, सर! फोकस लावला की किडे थव्यानं येतात. एक तर हिरोइनच्या तोंडातच गेला."

दुसऱ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. चष्मेवाल्यांनी मग हळूच, शेवटचं म्हणून विचारलं, "कोबॉल?"

मला वाटलं, पुढच्या उमेदवाराचं नाव! कॅम्पातला कुणीतरी ख्रिश्चन असंल. "बाहेर असतील सर, बोलावतो की," असं म्हणून मी उठलो, दार उघडलं आणि व्हरांड्यात ओरडलो, "मिस्टर कोबॉल! मिस्टर कोबॉल कोण हाय?"

बाकावरची पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. बाळगोंडानं धावत येऊन माझी बाही ओढली.

"अरं गप! भाषा हाय ती!"

"कुठली?"

"कॉम्प्युटरची रं!"

मागं वळून बघतो तर दोन्ही साहेबांची डोकी टेबलावर, आणि खांदे गदगदतायत. चष्मेवाल्यांनी डोळे पुसले. माणूस चांगला. म्हणाले, "गणितात मार्क चांगले आहेत तुमचे. भाषा शिका, मग या."

घरी आलो. आप्पा दारातच.

"काय झालं?"

"न्हाय घेतलं."

"का?"

मी आपलं खरं ते सांगितलं, "भाषा येत न्हाय म्हणाले."

बास! सीमाभागातल्या घरात हे वाक्य उच्चारायचं असतं का? आप्पांचा चेहरा लाल. "भाषेवरनं? माझ्या पोराला भाषेवरनं डावललं?" चप्पल घातली आणि तडक गल्लीतल्या पुढाऱ्यांकडं, बापूसाहेबांकडं. "आप्पा, ऐका तरी!" म्हणत मी कोपऱ्यापर्यंत पळालो. आप्पा कुणाचं ऐकतात!

रविवारी देवळापुढं सभा. मला खुर्चीत बसवून हार घातला. बापूसाहेब गरजले, "भाषेपायी ह्या गुणी पोराच्या तोंडचा घास काढला!" आई पदरानं डोळे पुसतेय. अशात कोबॉलची गोष्ट कुठल्या तोंडानं काढायची? माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, "मला भाषेवरनं नाकारलं, हे खरं हाय." आणि बसलो.

टाळ्या थांबेनात!

तेवढ्यात गर्दीत बाळगोंडा दिसला. हातात पेढ्यांचा पुडा. नोकरी त्याला लागली होती, ते सांगायला आलता बिचारा. इकडं बापूसाहेबांनी कंपनीला निवेदन द्यायचं जाहीर केलं, आणि ते कन्नडात लिहायचं का इंग्रजीत, यावर वाद पेटला.

मागनं बाळगोंडा ओरडला, "कोबॉलला घ्या की मधी!"

बापूसाहेब गंभीर झाले. चिटणीसांना म्हणाले, "कोण मोठे साहेब असतील. त्यांनाही एक प्रत पाठवा."

निवेदन गेलं. सोबत प्रत, श्री. कोबॉलसाहेबांना, माहितीसाठी. आणि खाली पहिली सही, ठळक अक्षरात, माझी!