पेपर वाचला असं समजू

"तू काय, घरचीच आहेस" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं ना, तो मला एकदा भेटावा. परक्याला चहा विचारतात आणि घरच्याला कपबशा विसळायला लावतात. कल्याणच्या आमच्या कॉलेजात राष्ट्रीय परिषद भरली तेव्हा मी अशीच घरची होते. एरवी मी तासिका तत्त्वावरची, म्हणजे स्टाफरूममध्ये माझ्या नावाचं कपाटसुद्धा नाही. पण परिषद आली की मी एकदम घरची.

माझा पेपर त्या परिषदेत मंजूर झालेला. वशिल्याने नाही. बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून, दुरुस्त्या सुचवून, परत तपासून मंजूर केलेला. विषय होता वागळे इस्टेटमधल्या पॅकिंगच्या छोट्या कारखान्यांतल्या बायका, आणि त्या कामावर असताना पाणी का पीत नाहीत. उत्तर अगदी साधं आहे. लघवीला उठलं की लाइन थांबते, सुपरवायझर चारचौघांत बोलतो, आणि संडास आहे तो तळमजल्यावर, पुरुषांचा आणि बायकांचा एकच. म्हणून बायका तहान मारतात. मग जळजळ, ताप, मूतखडे. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. माझी आई तिथेच काम करते. तीच मला मैत्रिणींकडे घेऊन गेली, "माझी पोरगी आहे, बोला बिनधास्त" म्हणाली, म्हणून त्या बोलल्या.

बोलून झाल्यावर एकीने विचारलं, "हे तू कुठं सांगणार गं?" मी म्हटलं, परिषदेत. तिथे समारोपाला कारखान्यांची तपासणी करणाऱ्या खात्यातले मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्या कानावर जाईल. झालं! आईने ती बातमी कारखान्यात अख्ख्या मजल्यावर पसरवली. परिषदेच्या दिवशी ती खाडा करून, लग्नाकार्याची साडी नेसून, माजिवड्याहून बस धरून आली, तेव्हा आम्ही अजून खुर्च्याच मांडत होतो. सगळ्या बायकांच्या वतीने ऐकायला आलेली. तिला मी मागच्या रांगेत पंख्याखाली बसवलं आणि सांगितलं, जेवणाआधी माझा नंबर लागेल.

कसला लागतोय! उद्घाटनाचे पाहुणे शीळफाट्याला अडकले. तोवर माइक माझ्याकडे, कारण सूत्रसंचालनही मीच करायचं होतं. "तुझा आवाज छान आहे," असं विभागप्रमुख मॅडम म्हणालेल्या. माझ्या संशोधनाबद्दल त्या कधी काही छान म्हणाल्याचं मला आठवत नाही. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, रोप. स्टेजवरच्या सगळ्यांचा सत्कार झाला, मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाले त्यांचाही सत्कार झाला. दर वेळी नाव पुकारायचं मी, आणि दर वेळी "टाळ्यांच्या गजरात" म्हणायचंही मीच. पाहुणे उठले आणि म्हणाले, "मी आपला फार वेळ घेणार नाही." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी घेतलाच. सकाळचं सगळं दुपारवर गेलं आणि दुपारचं कुठे जाणार, ते कोणालाच माहीत नव्हतं.

जेवणानंतर आमचं सत्र सुरू झालं. सत्राध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, आवाज एकदम मऊ. यादी बघून म्हणाले, "बाहेरगावच्यांना गाड्या पकडायच्या आहेत. आधी ते होऊ द्या. घरचे लोक समजून घेतील." घरच्यांनी मागच्या पंगतीला बसायचं, ही रीत मला मान्य आहे. लग्नात मीही मागच्याच पंगतीला बसते. पण लग्नात मागच्या पंगतीला वरणभात तरी उरतो! इथे एका गृहस्थांनी स्लाइडवरचा शब्द न शब्द वाचून दाखवला, तोही आमच्याकडे पाठ करून. दुसऱ्यांनी आपल्या आधीच्या तीन पेपरांची माहिती दिली आणि चौथ्यावर येईपर्यंत वेळ संपल्याची घंटा वाजली, तर अध्यक्ष म्हणाले, "असू दे, असू दे, लांबून आलेत." आयजीच्या जिवावर बायजी उदार. वेळ माझा जात होता.

मधेच मी मागे जाऊन आईजवळ वाकले. तिची पाण्याची बाटली सकाळी भरून दिलेली, तशीच्या तशी. "अगं, पाणी तरी पी की," मी म्हटलं. "नको," ती म्हणाली. "मग जावं लागतं. मी गेले आणि तेवढ्यात तुझा नंबर आला तर?"

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या गोष्टीवर मी पेपर लिहिला, तीच माझी आई माझ्याच पेपरासाठी करत बसलेली, आणि इथे मऊ आवाजात "असू दे, असू दे" चाललेलं. मी तशीच पुढे जाऊन अध्यक्षांना म्हटलं, "सर, आता माझा घ्या. मला पाच मिनिटं पुरतील." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि सभागृहाला सांगितलं, "समारोपाचे पाहुणे आले आहेत. तेव्हा घरचे राहिलेले पेपर आपण वाचले असं समजू."

असं समजू! कोणी समजायचं? मॅडम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, चेहरा काय करून घेतेस? सर्टिफिकेटवर 'सादर केला' असंच येणार आहे."

"पण मी सादर केलेलाच नाही, मॅडम."

"मग बरंच झालं की. कष्ट वाचले तुझे. आणि हे बघ, आभारप्रदर्शन तुझ्याकडे आहे, विसरू नकोस."

मागे आई उभी राहिलेली. "काय म्हणाले गं?"

"पेपर वाचला असं समजायचं ठरलंय."

"कधी वाचला? मी तर हितनं हलले नाही."

तिला काय सांगणार? मी दात-ओठ खात स्टेजवर गेले. समारोपाचे साहेब आले, त्यांना शाल मिळाली, त्यांनी महिला सक्षमीकरणावर भाषण केलं. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे आभारप्रदर्शन कोणी ऐकत नाही हे खरं, पण त्यातून कोणाला उठताही येत नाही. आभारानंतर राष्ट्रगीत असतं. ते झाल्याशिवाय स्टेजवरचा माणूस हलत नाही. आणि आभारांना घंटा नसते.

मी यादीप्रमाणे सुरुवात केली. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, साहेब, विभागप्रमुख, सगळ्यांची नावं, पदांसकट. मग मंडपवाले, केटरर, ध्वनिव्यवस्था, फुलांची सजावट, तेही नावानिशी. मॅडम खूश दिसत होत्या. लोक पिशव्या आवरायला लागले. मग मी म्हटलं, "शेवटी मी आभार मानते वागळे इस्टेटमधल्या त्या बायकांचे, ज्यांच्यामुळे माझा पेपर झाला. कामावर असताना लघवीला जायला लागू नये म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत."

पिशव्या आवरणारे थांबले. मी कागद काढलाच नाही. पेपर मला तोंडपाठ होता. लाइन कशी चालते, उठलेल्या बाईला काय ऐकावं लागतं, संडास कुठे आहे, डॉक्टर काय म्हणतात, सगळं सांगत गेले. मॅडम डोळे वटारून हातवारे करत होत्या. मी तिकडे बघितलंच नाही, मी साहेबांकडे बघत होते. साहेबांनी मांडीवरची शाल नीट केली, मग परत नीट केली. मी म्हटलं, "तपासणीला येणारे लोक मालकाच्या केबिनमध्ये चहा पिऊन जातात, लाइनवर येत नाहीत, असं या बायका सांगतात. माझी साहेबांना विनंती आहे की त्यांनी..."

आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

प्राचार्यांनी ध्वनिव्यवस्थेवाल्याला खूण केलेली, मला नंतर कळलं. सगळे ताडकन उभे राहिले. मीही राहिले, दुसरं काय करणार? सावधान उभी राहून मी अशी धुमसत होते की कानशिलं फणफणलेली. विनंती काय ते सांगायचं राहूनच गेलं. राष्ट्रगीत संपताच साहेब स्टेजवरून उतरले, जाताजाता माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "तुम्ही निवेदन फार छान करता."

मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. प्राचार्य बोलले, आणि जे बोलले ते बघता पुढच्या वर्षी माझे तास राहतील असं मला वाटत नव्हतं. नाही तर नाही. मला त्याची पर्वा नव्हती. मला आई हवी होती.

ती गेटजवळ रिक्षाच्या रांगेत भेटली. आधी बायकांच्या संडासात जाऊन आलेली, मग उभ्या उभ्या अख्खी बाटली घटाघट संपवली. पदराने तोंड पुसलं आणि हसली. "काय बोललीस गं! त्या साहेबाचं तोंड बघण्यासारखं झालेलं."

मी जरा सैल झाले. म्हटलं, चला, एक माणूस तरी ऐकायला आलेलं, त्याने ऐकलं.

"पण एक सांग," ती म्हणाली. "मंडपवाल्याचं नाव घेतलंस. फुलं लावणाऱ्याचं घेतलंस. आमचं एकीचंही नाही?"

"आई, पेपरात नावं घालत नाहीत गं. नियम असतो. कोणी तुम्हाला कामावरून काढायला नको."

"ते पेपरात. तू आभार मानत होतीस ना?"

रांग पुढे सरकली, तशी मीही सरकले.

"उद्या लाइनवर गेले की सगळ्या विचारतील," आई म्हणाली. "त्यांना काय सांगू? आभार मानले, पण कोणाचे ते नाही सांगितलं?"