पारोशानं शिवू नये असे तोफगोळे

“तो बाँब माह्या पाटावरून उचलता का मी उचलू?” सरस्वतीवहिनी स्वयंपाकघरातून ओरडत होत्या, आणि आमचे अण्णाजी वकील ओसरीवर चिंचेनं पितळी नळकांडं घासत शांतपणे म्हणत होते, “बाँब काहून म्हणतं त्याले? हातगोळा आहे तो. पोट रिकामं आहे त्याचं.”

मागच्या महिन्यात अण्णाजी गेल्याची तार अकोल्याला माझ्या हातात पडली, तेव्हा कानात हेच भांडण वाजलं. बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला पोहोचेपर्यंत ते वाजतच होतं.

नाद लागला पहिल्या महायुद्धानंतर. बसऱ्याहून परतलेल्या भातकुलीच्या एका शिपायाचा शेताच्या बांधाचा दावा अण्णाजींनी जिंकून दिला. त्यानं खुशीनं तोफेच्या गोळ्याचं रिकामं नळकांडं आणून दिलं. झालं. मग नांदगाव खंडेश्वरचा कोणी पेन्शनर शिपाई, अकोल्याच्या तांबटाच्या भट्टीपुढचा ढीग... जिथून मिळेल तिथून हा माणूस गोळे उचलू लागला. कैसरनं तेव्हा वऱ्हाडावर स्वारी केली असती, तर आपलेच गोळे ओळखून परत गेला असता. अंधारात एक पक्षकार स्टूल समजून गोळ्यावर बसला. कळल्यावर असा पळाला की त्याची पुढची तारीख अण्णाजींनी त्याला बडनेरा स्टेशनवर गाठून सांगितली. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण सांगतो आहे ना.

मग बेचाळीस साल आलं. गावोगाव धरपकड चालू होती. वकिलाच्या घरात हातगोळा सापडला, तर त्याचं पोट रिकामं की भरलेलं हे कोण विचारणार? सरळ तुरुंग. मी तेव्हा त्यांच्याकडेच उतरलो होतो. सकाळी निरोप आला की फौजदार झडतीला निघाला आहे. आम्ही दोघं शहाणे परसात उभे राहून गोळे कोणत्या विहिरीत टाकावे याचा वाद घालत बसलो. अण्णाजींचा जीव त्या गोळ्यांत. म्हणे, “विहिरीत टाकले तर पुन्हा दिसतीन का रे मले?” वाद संपवून आत आलो, तर ओसरी मोकळी.

फौजदार आला. कपाटं पाहिली, माळा पाहिला, अशिलांची सतरंजीसुद्धा झटकली. शेवटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला. आत वहिनी सोवळ्यात चुलीपुढे.

“वकीलसाहेब, तुमच्या घरी गोळे आहेत म्हणतात.”

कोर्टाबाहेर खोटं बोलायची अण्णाजींना सवय नव्हती. त्यांनी तोंड उघडलंच होतं...

“आहेत ना,” वहिनी आतून म्हणाल्या. “पाहून घ्या. चामडं उतरवा, आंघोळ करा आन् या. बंबात पाणी आहे. माहा नैवेद्य व्हायचा आहे अजून.”

फौजदार धर्मभीरू होता. त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं, पायांना गुंडाळलेल्या लांबलचक पट्ट्यांकडे पाहिलं. उंबऱ्यावरूनच त्यानं मान आत घातली. डब्यांच्या रांगेत पितळी नळकांडी, त्यांत तूर, उडीद, हरभरा. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर दादऱ्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी वजन. “वहिनीसाहेब थट्टा करून राहिल्या,” असं म्हणून तो गेला.

घाम पुसून अण्णाजी गोळे आणायला आत निघाले.

“तिथंच थांबा,” वहिनी म्हणाल्या. “डाळी भरल्या मी त्याच्यात. आन् तुमी पारोसे आहात.”

तेव्हापासून गोळे स्वयंपाकघरातले झाले. थंडीत चार-चार दिवस पाण्याला न शिवणारा हा माणूस रोज पहाटे आंघोळ करून, सोवळ्याचा मुकटा नेसून, पाटावर बसून आपले गोळे पाहू लागला. युद्ध संपलं, तरी वहिनींनी ते बाहेर सोडले नाहीत.

शेवटचा भेटलो तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. वहिनींनी त्यांचं अंग ओल्या पंच्यानं पुसलं, धूतवस्त्र पांघरलं आणि बरणीवरचा हातगोळा सोडून त्यांच्या तळव्यावर ठेवला. थोड्या वेळानं वहिनींनीच तो आत नेला.

परवा पुन्हा गेलो. अण्णाजींचा तेल्हाऱ्याचा पुतण्या हे सगळं तांबटाकडे मोडीत घालू म्हणत होता, म्हणून मला घाई. नळकांडी जागच्या जागी होती, डाळींनी भरलेली. उंबऱ्याशी उभा राहून म्हटलं, “वहिनी, त्यातला एखादा मले द्या... आठवण म्हणून.”

त्यांनी तूर निवडता निवडता मान वर केली.

“आंघोळ करून आले काय, भाऊजी?”