रॉक फेस्टिवलमधली निळी ताडपत्री

भाचीनं दवनीवाड्याच्या घरी ड्रमसेट आणला, त्या संध्याकाळी गोठ्यातल्या म्हशीनं धारेतच ताक दिलं. मी स्वतः प्यालो आहे. मीठ तेवढं वरून घालावं लागलं. भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, हे मान्य नाही. त्यांच्या मते म्हैस थोडी बिचकली होती, एवढंच. पण भाऊजींचा स्वभावच सगळं कमी करून सांगण्याचा. धान छातीला लागेल एवढं वाढलं तरी विचारणाऱ्याला ते ‘बरं हाय’ म्हणून वाटेला लावतात. घरात एकानं कमी करून सांगितलं की दुसऱ्याला भरपाई करावी लागते. ते काम माझ्याकडे आहे.

भाची नागपूरला शिकायला गेली आणि परत आली ती ड्रम वाजवत. तिथल्या चार पोरांच्या बँडनं तिला घेतलं. कॉलेज संपलं, आणि आता त्या पोरांबरोबर नागपूरला राहून, गावोगाव फिरून वाजवायचं असं तिनं घरात सांगितलं. ताई रडली. भाऊजी रडले नाहीत, ओरडलेही नाहीत. जेवून हात धुताना म्हणाले, “एकदा मी समोर बसून ऐकीन. मंग हव म्हणीन, नाई त नाई म्हणीन. त्याच्यावर कोनी बोलाचं नाई.”

नाही म्हणाले तर तो ड्रमसेट माळ्यावर जाणार आणि भाची त्यांच्या खताच्या दुकानात बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजी ठरवलेलं फिरवत नाहीत.

दिवाळीनंतर गोंदियात पोरांनी रॉक फेस्टिवल भरवला. दिवस एकच, पण जागा चार: मोठ्या मैदानावर मुख्य स्टेज, फुलचूरला लग्नाचा लॉन, एका शाळेचा हॉल, आणि तिरोडा रोडवर बंद पडलेल्या राइस मिलचं गोदाम. मनगटाला एक कागदी पट्टी बांधायची आणि हवं तिकडे फिरायचं. भाचीच्या बँडला गोदाम मिळालं होतं, दुपारी चारला. कोणाला कोणती जागा ते आदल्या रात्री ठरलं, आणि माझ्याशिवाय घरात ते कोणाला ठाऊक नव्हतं. माझ्यावर काम एकच होतं, भाऊजींना चारच्या आत गोदामात पोचवायचं.

सकाळी मी मैदानावर गेलो तर स्टेजच्या अगदी नाकासमोर निळी ताडपत्री पसरलेली. साधीसुधी नव्हे, धान वाळवायची. तिच्यावर अर्ध्या तालुक्याची जनगणना करता आली असती. ताई, भाऊजींची म्हातारी आत्या, काका, काकू, चुलत घरं, दोन शेजारी, डबे, चिवडा, पाण्याची कॅन. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉली उभी. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवलेल्या, आणि मधोमध मांडी घालून भाऊजी.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, दंडारीचा नाच, पाहुण्यांना जेवण, रात्री नाटक. शहाणं घर सकाळीच स्टेजपुढे ताडपत्री टाकून जागा धरतं आणि घरातलं एक माणूस तिच्यावर दिवसभर बसून राहतं. धरलेली जागा सोडून उठणारा माणूस अजून आमच्या भागात जन्मला नाही. भाऊजींना कोणी काही सांगितलं नव्हतं. स्टेज आहे, पोरगी वाजवणार आहे, म्हणजे मंडई आहे, एवढं त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं.

“भाऊजी, ती इथं नाही वाजवत,” मी म्हणालो. “तिरोडा रोडला गोदाम आहे, तिथं.”

“एवढा मोठा स्टेज इथं, अना पोरगी गोदामात कायले?”

“चार ठिकाणी आहे ना हे. फिरत फिरत ऐकायचं असतं.”

“फिरत त भंगारवाला फिरते,” भाऊजी म्हणाले आणि एका कोपऱ्यातली वीट सरळ केली.

एवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक कार्यकर्ता धावत आला. “अंकल, यहाँ बैठना अलाउड नहीं है. यहाँ सब खड़े होके सुनते हैं.”

“खड़े होके बारात देखते हैं,” भाऊजी म्हणाले. “गाना बैठ के सुनते हैं. तुम भी बैठो, बेटा.”

तो बसला नाही, पण गेला. जाताना आत्याबाईंनी त्याच्या हातावर चिवडा ठेवला होता, त्यामुळे त्याला पुढे काही बोलता येईना.

अकराच्या सुमारास पहिला बँड सुरू झाला. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात जेवढी वीज तयार होते तेवढी सगळी त्या वेळी मैदानावरच जळत असावी. पहिल्या ठोक्याला माझ्या शर्टाचं वरचं बटण तुटून खिशात पडलं. भाऊजींच्या डब्यातली भाकर आपोआप कुस्करली गेली. त्यांनी वरण ओतलं आणि खाल्ली. काळे कपडे घातलेली पोरं आमच्या ताडपत्रीच्या कडेला येऊन, केस मोकळे सोडून, माना गरागरा झटकायला लागली.

आत्याबाईंनी एकाला निरखून पाहिलं. “याच्या अंगात आलं व. लिंबू हाय का कोनाजवळ?”

लिंबू नव्हतं. आत्याबाई उठल्या, पिशवीतली कुंकवाची डबी काढली आणि त्याच्या कपाळावर बोट ओढलं. त्या पोरानं मान झटकणं थांबवलं, वाकून पाया पडला आणि पुन्हा सुरू झाला. त्यानंतर त्याचे सगळे दोस्त रांगेनं आले. दुपारपर्यंत मैदानावरचं निम्मं पब्लिक कुंकू लावून फिरत होतं. फुलचूरच्या लॉनवर ती फॅशन पोचली आणि तिथं पोरं लिपस्टिकनं टिळे ओढायला लागली, असं मी ऐकलं. मी ऐकलं म्हणजे मीच सांगितलं, पण ते नंतर.

दोन वाजले. तीन वाजले. भाची फोनवर विचारत होती, “मामा, बाबा निघाले का?”

“निघाले समज,” मी म्हणायचो.

भाऊजी जागचे हलले नव्हते. आणि ते हलत नाहीत तोवर कोणीच हलणार नव्हतं. मी पोरीची शपथ घातली, ताईला पुढे केलं, ट्रॅक्टरची भीती घातली की ट्राफिकवाले उचलून नेतील. भाऊजी म्हणाले, “नेऊ दे. डिझेल संपलं हाय, ढकलत नेतीन.”

शेवटी मी मंडईचाच नियम काढला. ताडपत्रीच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं म्हणालो, “चला, जेवण तिकडं आहे. गोदामात पंगत बसून राहिली. पाहुण्यांची वाट पाहून राहिले तिथले लोक.”

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवतो. काकांचे गुडघे कायमचे आखडलेले आहेत. ते सगळ्यात पुढे धावत होते. डबे बांधले, चपला सापडल्या, कॅन उचलली, कोणी तरी डिझेलही आणलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ताडपत्री मोकळी.

मोकळी म्हणजे, भाऊजी सोडून.

“तुम्ही जा समदे,” ते म्हणाले. “मी जागा राखतो.”

मी कपाळाला हात लावला. ज्याच्यासाठी सगळं रामायण, तोच राखणीला बसलेला! “भाऊजी, पोरगी तुमच्यासाठी वाजवून राहिली. तुम्हीच नाही गेले तर काय उपयोग?”

“अना जागा गेली त?”

“मी बसतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुले एका जागी बसता येत नाई, साळेबुवा. तू चहा प्यायले जाशीन.”

“नाही जात.”

“लघवीले?”

“तेही नाही.”

ट्रॉलीतून लोक हाका मारत होते. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून ताडपत्रीच्या मधोमध अंथरला, मला त्याच्यावर बसवलं आणि गेले.

तर भाचीनं आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाजवलं तेव्हा हा सख्खा मामा तिथं नव्हता. तो मैदानावर धानाच्या ताडपत्रीवर एकटा, चार विटांची काळजी घेत बसला होता. पोरं यायची, “अंकल, थोड़ा सरको ना.” मी सरकलो नाही. एकानं विचारलं, “इतनी जगह का क्या करोगे?” मी म्हणालो, “कलेक्टर येणार आहे.” ते निमूट मागे गेले.

चार वाजून गेल्यावर ताईनं फोन लावून नुसता धरून ठेवला. त्यातून खर्र खर्र आणि मध्येच आत्याबाईंचा आवाज, “पंगत कुठं हाय व?” एवढंच आलं. पण मैदानावर दोन बँडच्या मधली शांतता होती, आणि मी जमिनीला हात लावून बसलो होतो. मला ठोके लागले. तिरोडा रोडवरून, रुळांखालून, बाजारातून ते माझ्या तळहातापर्यंत आले. यातलं काहीच वाढवलेलं नाही.

सव्वापाचला ट्रॉली परत आली. उतरता उतरता सगळे एकदम बोलायला लागले. काका म्हणाले, पोरीच्या हातात चार काठ्या होत्या. काकू म्हणाल्या, गोदामाच्या छतावरून कोंडा पडला, आम्ही पांढऱ्या होऊन आलो. तो मी त्यांच्या अंगावर पाहिला, खरंच पडला होता. आणि सगळ्यांचं एकमत यावर होतं की पंगत नव्हती. पंगत येईल येईल म्हणून शेवटच्या गाण्यापर्यंत एकही जण उठला नव्हता.

“खोटारडा हायस तू,” आत्याबाई म्हणाल्या.

भाऊजी शेवटी आले. आधी चारही विटा पाहिल्या. मग दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. मग बसले.

“ऐकलं?” मी विचारलं.

“दिसलीच नाई.”

“म्हणजे?”

“समोर तो केसवाला उड्या मारून राहिला होता. पोरगी मागं, त्या पितळी थाळ्यायच्या आड. बसून काईच दिसत नव्हतं.” त्यांनी बाहीवरचा कोंडा झटकला. “मंग उभा राहिलो.”

“तुम्ही? उभे?”

“बाजूच्या भिंतीले. पुरं होईपर्यंत.”

मी ताईकडे पाहिलं. तिनं पदराआड मान हलवली. खडे होके काय बघतात ते भाऊजींनी सकाळीच सगळ्या मैदानाला सांगितलं होतं.

“हव की नाही?” मी विचारलं. माझा धीर सुटला होता.

“त्या पोरायले म्हटलं, आपल्या मंडईले या. नाटकाच्या आधी वाजवा,” भाऊजी म्हणाले. “मंडई झाली का मंग जाऊ दे तिले नागपूरले.” आणि जराही सूर न बदलता, “त्या दिवशीची समद्यायची पंगत तुझ्याकडं.”

दिवस मावळत होता. स्टेजवर दिवे लागले. दिवसातला सगळ्यात मोठा बँड सुरू व्हायला आला होता. मागून गर्दीचा रेटा इतका की रेल्वे स्टेशन आहे तिथून थोडं पुढे सरकलं. त्या गर्दीतून भाची आली. केसांत कोंडा, हातांना फोड, काठ्या पँटच्या मागच्या खिशात. ती आम्हाला शोधत होती आणि आम्ही सगळ्यात पुढे बसलेलो.

भाऊजी सरकले आणि आपल्या शेजारची ताडपत्री हातानं झाडली.

“बस,” ते म्हणाले. “सकाळपासून धरून ठेवली. दिवसभर वाजवून येशीन, मंग पाहशीन कुठून?”

भाची बसली. भाऊजींनी तिच्यापुढे डबा उघडला, आणि मागच्या पोरांनी उभं राहायचं सोडून, एक एक करून, जमिनीवर मांडी घातली.