आधी गच्ची

नोकरी मिळत नाही अशी तक्रार करणारी माणसे नागपुरात पुष्कळ आहेत, पण हातात आलेली नोकरी परत करून येण्यात माझ्या साडूची बरोबरी करणारा माणूस मी पाहिलेला नाही. वीस वर्षे दुसऱ्यांच्या बातम्यांतली विशेषणे कापण्यात गेल्यामुळे अशी विधाने मी सहसा करत नाही. हे तपासून केले आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, वर्षभराच्या आत, या गृहस्थाने इमारतीच्या देखभालीसाठी मेकॅनिक हवा असलेल्या नऊ ठिकाणी मुलाखती दिल्या. नऊही ठिकाणी त्याच्याइतके काम येणारा दुसरा उमेदवार नव्हता, आणि नऊही ठिकाणी दुसराच उमेदवार लागला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सीताबर्डीवरच्या एका थिएटरात त्याने अकरा वर्षे पंप, नळ, पंखे आणि कूलर सांभाळले होते. थिएटर विकले गेले, नव्या मालकाने स्वतःचा माणूस आणला, आणि थिएटरमागची खोली सोडून साडू, मेहुणी आणि त्यांच्या दोन मुली असे चौघे आमच्या बाहेरच्या खोलीत राहायला आले. आले त्या दिवशी रिक्षातून सामान उतरले, पण साडू दिसेना. माझी बायको चहाचा कप हातात धरून उभी. वीस मिनिटांनी तो आमच्या गच्चीवरून खाली आला. हात गंजाने माखलेले. खुशाली विचारण्याची वगैरे रीत बाजूला ठेवून म्हणाला, "भाऊजी, तुमच्या टाकीचं झाकण नुसतंच ठेवून होतं. बांधलं मी. आता कोणाले हात लावू देऊ नका." झाकण त्याने तांब्याच्या तारेने बांधले होते. तारेला मोजून सात पीळ द्यायचे हा त्याचा नियम होता. सहा पिळांची तार सुटते आणि आठ पिळांची तुटते, असे तो सांगे, आणि हे कोणी ठरवले असे विचारले तर ऐकणाऱ्याची कीव आल्यासारखा बघे.

या माणसाच्या डोक्यात एकच विचार होता आणि तो विचार गच्चीवर राहत होता. नळ गळो, पंखा अडखळो, भिंतीला ओल येवो, तो आधी गच्चीवर जाणार. स्वयंपाकघरातल्या मोरीचे पाणी तुंबले तेव्हाही तो वर गेला. "पाणी खालून वर जाते का वरून खाली येते? मंग बिघाड खाली काहून पाह्याचा?" हा त्याचा युक्तिवाद. मोरीचे पाणी वरून येत नाही, हे माझ्या बायकोने त्याला दोनदा समजावले. तो तासाभराने परत आला आणि म्हणाला की वरचे सगळे ठीक आहे, आता मोरी पाहायला हरकत नाही. मोरी माझ्या बायकोने तोवर काडी घालून मोकळी केली होती.

अर्ज लिहिण्याची त्याची तऱ्हाही अशीच. अर्जात शिक्षण, अनुभव, वय लिहितात हे त्याला पटत नसे. एका महाविद्यालयाला पाठवायचा अर्ज त्याने मला तपासायला दिला. त्यात लिहिले होते: "आपल्या इमारतीच्या पूर्वेकडील पाइपास दुसऱ्या मजल्याखाली ओल आहे. मी ती दोन पावसाळ्यांपासून येताजाता पाहतो व जिवास त्रास होतो. सबब मला नोकरीवर घ्यावे." मी तो मजकूर कापून चार सरळ ओळी करून दिल्या. त्याने त्या वाचल्या, मान डोलावली, आणि स्वतःचाच अर्ज टपालात टाकला. मुलाखतीला मात्र बोलावणे आले. प्राचार्यांच्या खोलीतला कूलर बंद होता. परीक्षा म्हणून तो चालू करून दाखवायला सांगितले. साडू उठला आणि गच्चीवर गेला. तो वर असताना दुसऱ्या उमेदवाराने कूलरचा निघालेला प्लग भिंतीत खोचला. दीड तासाने साडू वरून आला तेव्हा कूलर चालू होता, वाळ्याचा वास सुटला होता आणि त्या उमेदवाराला नेमणुकीचा कागद मिळाला होता. घरी येऊन साडू म्हणाला, "प्लग लावणं म्हणजे दुरुस्ती नाही होय, भाऊजी." ते खरे होते. पगार मात्र प्लग लावणाऱ्याला सुरू झाला.

मुलींच्या एका वसतिगृहात तो गच्चीवर गेला असता शिपायाने खालून दार लावून घेतले. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात तासभर ओरडून कोणी येईना, तेव्हा हा पावसाळी पाइप धरून खाली उतरला. वाटेत अधीक्षिकाबाईंची खिडकी होती. त्या जेवत होत्या. त्यांना नमस्कार करण्यासाठी याने एक हात सोडला आणि पाइपाची कडी ढिली असल्याचे तिथेच लोंबकळत सांगितले. ही मुलाखत त्याच्या मते चांगली झाली होती.

मेहुणीने हे सगळे वर्षभर पाहिले. ती बोलायला कमी, पण एकदा बोलली की विषय संपवणारी. मे संपत आला तेव्हा आमच्या सगळ्यांसमोर ती नवऱ्याला म्हणाली, "हे पाहा जी, शाळा उघडायच्या आत पक्की नोकरी लागली तं ठीक. नाही तं मी पोरींले घेऊन कुहीले भावाकडं चालली जाईन. त्याच्या धानात राबीन, पण बहिणीच्या बाहेरच्या खोलीत आणखी एक वर्ष नाही." कुहीला गेल्या की मुलींचे इथले शिक्षण संपले, हे तिलाही माहीत होते. साडू जेवता जेवता थांबला. मग छताकडे पाहू लागला. मला वाटले विचार करतो आहे. तो ओल पाहत होता.

नववी मुलाखत मी मिळवून दिली. एका निमसरकारी कार्यालयाची पाच मजली नवी इमारत झाली होती आणि तिथला प्रशासन अधिकारी माझ्या ओळखीचा होता. मी असा शब्द कोणासाठी टाकत नाही. मुलींकडे पाहून टाकला. निघताना साडूला बजावले, "गच्चीवर जायचं नाही. सांगतील तेवढंच करायचं." त्याने धाकट्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "नाही जात, भाऊजी. जिनाही नाही पाहत."

आणि तो गेला नाही. अधिकाऱ्याच्या खोलीतल्या बेसिनच्या नळाला धार येत नव्हती. साडूने नळ खोलला, गाळ काढला, वायसर बदलला, आणि दहा मिनिटांत खणखणीत धार काढून दाखवली. अधिकारी खूश झाला. "सोमवारपासून या," म्हणाला. चहा मागवला. शिपायाने साडूपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. साडूने तो उचलला, नाकाजवळ नेला आणि तसाच धरून बसला.

"काहून गा, वास घेऊन राहिला पाण्याचा?" शिपाई म्हणाला. "अत्तर टाकलं हाय का त्यात?"

"तुमच्याकडं कोणी आजारी आहे का?" साडूने विचारले.

"दोन बाबू काविळीनं घरी हायेत. पण त्याचं तुले काय करणं?"

साडूने ग्लास खाली ठेवला. "साहेब, दहा मिनिटं," म्हणाला आणि गेला. कुठे गेला हे सांगायला नको. अर्ध्या तासाने परत आला तो कागदाची पुडी घेऊन. कागद आमच्याच दैनिकाचा होता, एवढी नोंद करतो. पुडी त्याने चहाच्या कपाशेजारी ठेवून उलगडली. आत पारवा होता. मेलेला, आणि मरून बरेच दिवस झालेला. "टाकीत होता," साडू म्हणाला. "झाकणच नाही तिले." अधिकाऱ्याचा कप तोवर रिकामा झाला होता. तो बेसिनकडे धावला. नळाला आता धार चांगली होती.

संध्याकाळी अधिकाऱ्याचा मला फोन आला. असला माणूस कुठून पाठवला, सगळ्या ऑफिसात बोभाटा केला, याला घेणे शक्य नाही. मी माफी मागितली. घरी आलो तर मेहुणी ट्रंक भरत होती आणि साडू उंबऱ्यावर पाना पुसत बसला होता. मी आवाज चढवून त्याला विचारले, सोमवारी कामावर रुजू होऊन मंगळवारी पारवा काढता आला नसता का?

"आला असता ना," तो म्हणाला. "पण भाऊजी, सोमवारपर्यंत लोक तेच पाणी पेले असते."

ट्रंक भरणारे हात क्षणभर थांबले. मग मेहुणीने झाकण लावले. मला त्या वेळी आठवले की फोनवर मी चार वेळा माफी मागितली होती आणि टाकी धुतली का, हे एकदाही विचारले नव्हते. प्रश्न विचारणे हा माझा धंदा होता.

शाळा उघडण्याआधी ती मुलींना घेऊन कुहीला गेली. आठ दिवसांनी हत्यारांची थैली घेऊन तोही गेला. मेहुण्याच्या गावात सगळी घरे कौलारू. गच्ची एकाही घराला नाही. तिथे तो विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो, असे पत्रातून कळते. पक्की नोकरी त्याला पुढे कधी लागली नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झाली. मेकॅनिक बोलावला. तो सरळ नळासमोर बसून नळ खोलू लागला. "गच्चीवर पाहिलं का?" मी विचारले. "वर काहून, साहेब? नळ तं खाली आहे," तो म्हणाला. याचे उत्तर मला पाठ होते, पण मी स्वतःच जिना चढलो. टाकीचे झाकण जागच्या जागी होते. तांब्याची तार हिरवी पडली होती. पीळ मोजले. सात होते.

टाकीत पाहायचे तर ती तार सोडावी लागली असती. मी सोडली नाही. नळाची धार अजून बारीकच आहे.