भोंगा झाल्यावर

निफाडकडच्या ज्या गावात मी शिकवत होते, तिथे संध्याकाळी सात वाजता ग्रामपंचायतीचा भोंगा व्हायचा. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद आणि घराघरांत मुलांनी मोठ्याने वाचायचं. ही खटपट माझीच. तिच्यापायी ओझरहून रोजचं जाणं-येणं सोडून मी गावातच खोली घेतली होती. मोठी माणसं कुरकुरली. काही बहाद्दर टीव्हीचा नुसता आवाज बंद करून बसायचे. मला सगळं कळायचं, कारण त्या वेळी मी घरोघर फिरायचे. माझा नियम एकच: दाराबाहेर उभं राहून ऐकायचं, आत जायचं नाही, चूक काढायची नाही. मुलं मला पायांवरून ओळखायची.

सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामाला आलेलं एक कुटुंब मळ्यातल्या शेवटच्या खोलीत राहायचं. त्यांची मुलगी दुसरीत होती. दाराला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा, खाली वीतभर मोकळा. पडद्याआड ती रोज एकच धडा वाचायची, पावसात हरवलेल्या शेळीचा. शेळी ओढ्याशी आली की अडायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची. आत जाऊन पुढचं सांगावं असं फार वाटायचं. मी ओठ दाबून उभी राहायचे.

उन्हाळ्यात पडदा काढून, सामान बांधून सुरगाण्याला घरी निघताना तिचा बाप पुस्तक परत द्यायला आला. मी म्हटलं, "राहू दे तिच्याकडे."

तो म्हणाला, "दिवाळी झाली का येतो परत. तवर वाचाया लागली तर ठेवीन शाळंत. नाय तर बारक्याला सांभाळंल, म्हंजे हिची आई कामाला मोकळी."

त्याचा हिशेब सरळ होता, म्हणूनच मला जास्त राग आला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, भोंगाही सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी पाय सवयीने त्या खोलीकडे वळले. दाराला कुलूप होतं आणि आत ती शेळीचा धडा वाचत होती.

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर फाडून खाल्लंय. म्हणून मळ्याच्या मालकीणबाईंना सोबत नेलं. त्यांनी दाराला कान लावला.

"रातकिडे हायेत म्याडम. लय दमता तुम्ही, चार दिवस सुट्टी घ्या."

त्या बोलत होत्या तेव्हाच शेळी ओढ्याशी आली, आवाज अडला आणि पहिली ओळ पुन्हा सुरू झाली. अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला सांगू. तरी दुसऱ्या दिवशी गेलेच. भीती होतीच, पण मी ऐकायला गेले नाही तर पोर वाचायचं सोडेल, ही काळजी त्याहून मोठी होती. श्रावणात त्या वाटेवरच्या चिखलात चपलेचा अंगठा तुटला. घरात लाल दोरा होता, त्यानेच शिवला आणि पुन्हा जाऊन उभी राहिले.

नवरात्रात एका संध्याकाळी आवाज ओढ्याशी आला, थांबला आणि पुढे गेला. शेळी घरी पोचली. नंतर त्या खोलीतून कधीच काही ऐकू आलं नाही. मी बापाला फोन लावत राहिले, पण तिकडे रेंज नव्हती. पोरीचं काही बरंवाईट झालं, असंच मी धरून चालले आणि खूप रडले.

दिवाळीनंतर बाप तिला घेऊन शाळेत आला. ती खाली मांडी घालून बसली आणि तिने सबंध धडा वाचला. ओढ्याशी अडखळलीसुद्धा नाही.

"कोणी गं शिकवलं?" मी विचारलं.

"कोणी नाय. तुम्ही यायच्या ना ऐकायला. पडद्याखालून पाय दिसायचे." तिने माझ्या चपलेकडे बोट केलं. "हा लाल दोरा पण दिसायचा. मी बाहेर आले का तुम्ही नसायच्या."

बापाने पोरीचं दप्तर माझ्या टेबलावर ठेवलं.

"ठेवतो हिला शाळंत," तो म्हणाला. मग माझ्या पायांकडे न बघता हळूच बोलला, "पण म्याडम, आता आल्या का आत येत जा. तिकडं लय पाऊस पडायचा, अन् तुमचे पाय कोरडे. आम्हाला भ्या वाटायचं."