मिठातला पाय

माझ्या मनगटात प्लेट बसवली होती, म्हणून मी दिवसाआड पेणच्या दवाखान्यात ड्रेसिंगला जायचे. धरमतरकडच्या मिठागरात राबणारी साठीची एक बाई दर वेळी माझ्या आधी बाकावर बसलेली असायची. तिच्या नडगीत रॉड होता. सिस्टर दिसली की ती मिश्रीची डबी पदराखाली सारायची आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मीही तिच्यासाठी नुसतीच 'गो' होते.

त्या दिवशी तिची पट्टी सोडली आणि वास बाकापर्यंत आला. टाक्यांतून पू येत होता.

"जखमेला पाणी लावलंत?" सिस्टरनं विचारलं.

"साधं नाय लावलं. मिठागराचं लावलं, दोन्ही टायमाला," बाई ऐटीत म्हणाली. मग मला समजावू लागली, "मिठात मासली वरीसभर टिकते गो, कुजत नाय. मंग पाय कसा कुजंल?"

मला हसू येत होतं, पण सिस्टरचा चेहरा बघून मी ते गिळलं. डॉक्टरांना बोलवायला निघालेली सिस्टर दारात थांबली.

"मावशी, मासळी मेलेली असते. तुमचा पाय जिवंत आहे."

जन्मभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या त्या पायांबद्दल असं कुणी बोललं नसावं. बाईनं वाकून पायाकडे पाहिलं, अंगठा हलवून बघितला. कळ आली तसे डोळे भरले.

"व्हय गो," ती मला म्हणाली, "जित्ता हाय."